पॅलेटच्या फळीवरची आई

रणजीत : कुठंतरी पाहिल्यासारखी वाटते ही बाई. पण आई नाही ही.

साधना : अहो, तुमचीच आई आहे. दिवाळीत गावच्या घरी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी हाक मारली, त्यांनी वर पाहिलं, तेवढ्यात मी मोबाइलवर फोटो काढून घेतला. तुम्हीच म्हणालात, झकास आलाय म्हणून.

रणजीत : मोबाइलमध्ये झकासच आहे. या फळीवर काहीतरी घोळ झालाय. चमकी बघ. आईची चमकी नाकात कुठल्या बाजूला असते?

साधना : डाव्या.

रणजीत : आणि इथं?

साधना : अगं बाई. भुवईवरचा व्रणसुद्धा पलीकडे गेलाय.

रणजीत : म्हणजे डाव्याच्या जागी उजवा. आमच्या कंपनीत लाइनवर गाडीच्या डाव्या दरवाजाच्या ढिगात उजव्याचा एक पार्ट सापडला ना, तर अख्खी बॅच रिजेक्टच्या लाल बिनमध्ये जाते. साहेब कारणसुद्धा विचारत नाही.

साधना : कळलं. कागद फळीवर पालथा चिकटवायचा असतो. फेव्हिकॉल लावून रात्रभर वाळू द्यायचा, मग ओला करून बोटानं घासून घासून कागद काढायचा. शाई तेवढी लाकडावर राहते. पालथा चिकटवला म्हणजे चेहरा फिरणारच. झेरॉक्सवाल्याला आधीच फिरवून दे म्हणायचं असतं. व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं असणार, मी नेमकं तिथं पुढं ढकललं.

रणजीत : मशीन ज्यावर ठेवून येतं त्या लाकडी पॅलेटच्या फळ्या, गेटपास काढून चाकणच्या कंपनीतून आणल्या मी. सिक्युरिटीवाला विचारत होता, भाऊ, शेकोटी करणार का? हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

साधना : टोमणे नकोत. माझ्या बोटांची सालं निघालीत.

रणजीत : आता दुसरी करत बसू नकोस. मुळात आईनं काय सांगितलं होतं? माझा फोटो लावलात तर त्या घरात पाऊल टाकणार नाही. आणि ती बोलली म्हणजे बोलली. परवा वास्तुशांत आहे. अख्खी भावकी इथं रावेतच्या नव्या घरी येणार आणि आईच आली नाही, तर मी कोणाला काय सांगू?

साधना : आणि भावकी येऊन काय बघणार? सुतळीला चिमटे लावून सगळं घर टांगलंय मी. मामंजी आहेत, आत्याबाई आहेत, पोरंटोरं आहेत. शर्यतीच्या गाड्याचे बैलसुद्धा आहेत, दोनदा. आई कुठंच नाहीत. ज्या फोटोत आहेत त्यात तोंडावर पदर, नाहीतर पाठ.

रणजीत : तिला आवडत नाही. जुन्या माणसांचं असतं काहीतरी, फोटो काढला की आयुष्य कमी होतं वगैरे.

साधना : तसं त्या म्हणाल्या का कधी?

रणजीत : नाही. पण दुसरं काय असणार?

साधना : विचारलंत?

रणजीत : आईला असलं काय विचारायचं?

साधना : माझी आई गेली तेव्हा घरात तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. संत तुकारामनगरातल्या हळदीकुंकवाचा एक सापडला, त्यात बायकांच्या मागे उभी. तेवढा चेहरा मोठा करून आणला तर नुसते ठिपके आले. बाबा रोज सकाळी त्या ठिपक्यांना फूल वाहतात. मला ते बघवत नाही. म्हणून हा सगळा उद्योग केला, हौस म्हणून नाही.

रणजीत : बरं, चुकलं माझं. पण आत्ता ती फळी कुठंतरी ठेव. आई पूजेची भांडी घेऊन आलीय. वॉचमनचा मघाशी फोन आला होता.

साधना : आणि हे मला तुम्ही आत्ता सांगताय?

(बेल वाजते. साधना फळी सोफ्यावरच्या उशीमागे सरकवते.)

सोजराबाई : धर रे ही पिशवी. समया हायेत, आपटू नगं. तुमच्या त्या लिफ्टात पोटात कालवतंय बघ. जिना बरा, आपल्या पायानं तरी चढतोय.

साधना : सात मजले आई? बसा तुम्ही. पाणी आणते.

सोजराबाई : बसते. आन् ह्ये काय, भिंतीला वाळवण घातलंय व्हय?

रणजीत : फोटो आहेत आई. साधनानं केलंय. सगळं घरीच केलं, विकतचं काही नाही.

सोजराबाई : चिमटं धुण्याचं आन् टांगल्यात मानसं. ह्यो तर आपला गुलब्या. शर्यतीच्या घाटात पयला आलेला, तवाचा. आन् ह्यो कोन, पुन्ना गुलब्याच. बैलाचा मान मोठा हाय तुमच्या घरात.

साधना : मामंजींनी दोन्ही लावायला सांगितले.

सोजराबाई : त्ये सांगत्यालच. बरनीच्या झाकनात कोन बसिवलंय?

साधना : बबनरावकाका. रिकाम्या बरण्यांची झाकणं होती, त्यांत गोल कापून बसवले काहीजण.

सोजराबाई : भावजींना झाकनात घातलं ते ब्येस केलंस. लई बोलत्यात.

रणजीत : आई, तू इकडे खुर्चीवर बस ना. तिकडे ऊन येतं.

सोजराबाई : ऊन कुटं हाय? बसले ती बसले. उशीत काय टोचतंय ह्ये?

रणजीत : काही नाही, फळी आहे. स्क्रॅपची. दे इकडे.

सोजराबाई : बघू दे की.

रणजीत : आई, चिडू नकोस. आम्ही लावणार नव्हतो.

साधना : मी लावणार होते, आई. खोटं कशाला बोलू? तुम्ही नको म्हणाला होतात, तरी लावणार होते. तुमच्याशिवाय ही भिंत मला बघवेना. पण ती बिघडली. माझ्या चुकीनं चेहरा उलटा छापला गेला, तुमच्यासारखा दिसतच नाही. टाकून देते. तुम्ही फक्त परवा या.

सोजराबाई : चष्मा दे माझा. पिशवीत हाय, समयांच्या खाली.

रणजीत : आई, राहू दे ना.

सोजराबाई : गप. खिडकीकडं धर जरा. अजून वर. हां.

साधना : आई?

सोजराबाई : ही म्या हाय.

रणजीत : तूच आहेस. पण उलटी आहेस.

सोजराबाई : उलटी कशी? ह्यो वण बघ. कडबा तोडताना इळा लागलेला, ल्हान व्हते तवा. आरशात म्होरं बघितलं की ह्याच हाताला असतोय. चमकीबी ह्याच हाताला. रोज कुकू लावायला बसते, तवा हीच बाई असतीया समोर.

साधना : आरशात. हो, आरशात असंच दिसणार.

सोजराबाई : लग्न झाल्यावर आमी दोघं चिंचवडला जाऊन फोटू काढला. एवढी पावडर लावून, नवं लुगडं नेसून. फोटू घरी आला, बघते तर ह्यांच्या शेजारी भलतीच कोन बसलीया. वण तिकडं, तोंड वाकडं. म्या ह्यांना म्हनलं, ही म्या न्हाई, फोटूवाल्यानं कायतरी बदाललंय. हे हसलं. घरात हसलं असतं तर ऱ्हाऊ द्या म्हनलं असतं. त्यांनी चावडीवर जाऊन सांगितलं. मग काय, वरीसभर जो दिसंल तो इचारायचा, काय वहिनी, फोटूत कुनाला बसिवलं? सासूनंबी पावन्यांम्होरं त्येच सांगून हसू केलं माजं. लई लागलं मला. तवा ठरिवलं, पुन्ना त्या डब्यासमोर तोंड करायचं न्हाई.

रणजीत : एवढी वर्षं हे कुणाला बोलली नाहीस?

सोजराबाई : कशाला? पुन्ना हसायला?

साधना : आई, मी हसणार नाही, पण एक सांगते. आरसा सगळ्यांनाच फिरवून दाखवतो. तो फोटो खरा होता. लोकांना तुम्ही तशाच दिसता.

सोजराबाई : व्हय का?

साधना : हो. तुमचंही बरोबर होतं आणि फोटोवाल्याचंही.

सोजराबाई : मग हसनाऱ्यांचंच तेवढं चुकलं म्हनायचं.

रणजीत : आई, मी बाबांना सांगतो आज.

सोजराबाई : नगं. ते इसरून गेल्यात. आता त्यांना सांगून काय मिळायचंय?

साधना : मग ही लावली तर तुम्ही परवा याल ना?

सोजराबाई : येते की. गुलब्याच्या शेजारी लावू नगं म्हंजी झालं. ह्यांच्या शेजारी लाव.

रणजीत : हे बघ, उद्या मला सुट्टी आहे. अजून एक फळी आहे. सकाळीच झेरॉक्सवाल्याकडं जातो, यावेळी नीट फिरवून घेतो. आत्या आल्या आल्या बोट ठेवेल, वहिनीचा वण पलीकडं कसा गेला म्हणून. सगळी भावकी ओळखते तुला, त्यांना ही वेगळीच वाटणार.

सोजराबाई : वाटू दे. त्यांनी मला जलमभर बघितलंय. फोटूत म्या मला आज बघतीया.