चुंबळीचा सत्कार

रविवार, सकाळी अकरा, हिंगोली, कला महोत्सवाचा मांडव, स्टॉल नंबर सतरा. बातमीची पहिली ओळ इतकीच... पण तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं बातम्या लिहितोय, असला प्रकार पाहिला नाही! औंढ्याजवळच्या तांड्यावरच्या जिवनबाई कशिदा काढतात. त्यांनी फोन केला, "दादा, स्टॉलचं तीन हजार भाडं मागून राहिलेत, परवडंल का?" आणि मी मोठा शहाणा, म्हणालो, "बिनधास्त घ्या! घरातली सगळ्यात भारी वस्तू समोर मांडा!" आता तुम्हीच सांगा, परवडलं का?

त्यांनी मांडली चुंबळ. घागरीखाली डोक्यावर ठेवतात तीच, पण कवड्या, आरसे, मागे लोंबणारं भरतकाम... दोन वर्षांचं काम! पुढच्या रविवारी नातीचं, मिनाचं लग्न, सासरची पहिली घागर ती याच चुंबळीवर आणणार. विकायची नव्हतीच, नुसती दाखवायची. आणि गिऱ्हाईक? शेजारच्या स्टॉलवरच्या फरहीनबाजी जिवनबाईंच्या पिशव्या बघायच्या, जिवनबाई त्यांच्या बांगड्या... दुपारपर्यंत एवढीच वर्दळ! परवडलं का?

दोनला प्रमुख पाहुणे आले, आणि फेटा आणायचाच राहिलेला! संयोजक गोपीचंदराव धावत आले, "मावशी, हा मुकुट द्या दोन मिनिटं!"

"मुकुट न्हाई बाप्पा, घागरीची चुंबळ हाय!"

"असू द्या हो, पाहुण्यांना काय कळतंय!"

आणि बसवली की डोक्यावर! माइकवरची बाई म्हणते, "बंजारा परंपरेचा हा राजमुकुट..." टाळ्या! मागे तांड्यावरच्या बाया तोंडात पदर कोंबून हसतायत, एक म्हणाली, "आता वरती घागर कोण ठिवनार वो?" मीही हसलो. फोटो काढला, छापलासुद्धा! पाहुणे मान ताठ ठेवून तसेच गाडीत बसले... आणि गेले.

"दादा, माझी चुंबळ?"

गोपीचंदराव म्हणाले, "सत्कारात दिलेली वस्तू परत मागणं बरं दिसत नाही." मी पाहुण्यांच्या सचिवाला फोन लावला, तर तो म्हणतो, "साहेबांना रोज मुकुट मिळतात, तुमचा कोणता?" कोणता! लिहा आता बातमी!

मिनाचं लग्न झालं. चुंबळ शेजारणीची, उसनी. मी मांडवात तोंड लपवत उभा, तर जिवनबाई जवळ येऊन म्हणतात, "फोटू लई भारी आला दादा. पेपर मिनाच्या पेटीत घातलाय. म्हनलं, ही बघ तुझी चुंबळ, वळखून ठिव."

स्टॉल परवडला का, हे मी आता विचारत नाही. चुंबळ कुठे आहे, एवढंच विचारतो. आज अकरावा दिवस.