सदूच्या पाठीतले ठिपके

महिपत : डाक्टरीणबाय, हात जोडतो, माज्या भावाला फाडू नका. कड्यावरनं पडला, दोन दिवस पऱ्ह्याच्या पाण्यात व्हता. उरलाय तेवडा तरी घरी नेऊ दे.

डॉ. ऋजुता : महिपतदादा, शवविच्छेदन मला टाळता येणार नाही. पण कमीत कमी चिरावं लागावं, म्हणून आधी सदूचा सीटी स्कॅन केला. त्यासाठीच बोलावलंय. बसा.

महिपत : हाडं मोडली असतील.

डॉ. ऋजुता : मोडलीत. ही कवटी, हा खुबा. इथवर पडल्यासारखंच दिसतंय. आता पडद्यावर ही पाठ बघा.

महिपत : हे पांढरे ठिपके कसले? खडे?

डॉ. ऋजुता : खडे फुप्फुसात कसे जातील? अकरा आहेत, सगळे सारखे गोल. बंदुकीचे छर्रे आहेत, दादा. मागून मारलेले.

महिपत : पंचनाम्याला तर कुनाला कायच दिसलं नाय.

डॉ. ऋजुता : खेकड्यांनी पाठ खाल्ली होती. जखम त्यातच गेली. पाणी देऊ?

महिपत : नको.

डॉ. ऋजुता : गावात बंदूक कुणाकडे आहे?

महिपत : एकच हाय. माजी. रानडुकरं भात नासतात, म्हनून परवाना काडलेला.

डॉ. ऋजुता : सदू गेला त्या सोमवारी बंदूक कुठे होती?

महिपत : घरी. मी देवरूखला बाजाराला गेलेलो. मंगळवारी पुसायला घेतली, तर नळीला जळक्या दारूचा वास. ऋत्विकला इचारलं. म्हनाला, वांदरं हाकलली.

डॉ. ऋजुता : ऋत्विक कोण?

महिपत : माजा पोर. भायेर बसलाय. आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरनं काकाशी बोलत नव्हता. पन शोधायला सगळ्यांच्या पुडं. गाव रानात हिंडत व्हता, तर ह्योच म्हनाला, कड्याखाली बघा.

डॉ. ऋजुता : दादा, मला पोलिसांना कळवावं लागेल.

महिपत : तेंचा फोन मना लावून द्या. मी सांगतो.

ऋत्विक : (दार लोटून) बाबा, अजून किती टाइम? गाडीवाला थांबत नाय. काकाला आजच जाळूया.

महिपत : गाडी जाऊ दे.

ऋत्विक : का? काय बोलल्या मॅडम?

महिपत : हितं माज्या बाजूला बस. हात दे. पोलीस येईस्तवर सोडू नको.