मथाबाईची न्हाणीमागची भाजी

मंडळी, आधी एक सांगा — श्रीमंत कोण? ज्याचं कोठार भरलं तो, की ज्याचं ताट भरलं तो? ...अहो, लगेच माना डोलवू नका! गोष्ट ऐका, मग डोलवा!

एका गावात रखमाजी नावाचे शेतकरी. सहा एकर कापूस! मिशीसुद्धा कापसासारखी पांढरी! घरात बायको मथाबाई आणि सून कावेरी. कावेरीला तिसरा महिना. नर्सबाईंनी तपासलं, म्हणाल्या, "पोरीच्या अंगात रक्त कमी आहे. गोळ्या देतेच, पण रोज पालेभाजी हवी. नाहीतर बाळंतपण जड जाईल."

मथाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, शेतात दोन ओळी भाजीला द्या की!"

"कापसात भाजी? लोक हसतील! बाजारातून आणतो."

बाजार आठवड्यातून एकदा — आणि रखमाजी आणणार काय? बटाटे! नि पुडीभर शेव!

बाई भांडल्या नाहीत. न्हाणीमागं फुटकी कौलं पडली होती, ती उचलली. आंघोळीचं पाणी तिकडं वळवलं. अंबाडी पेरली, चवळी पेरली, कडेला शेवग्याची फांदी रोवली. रखमाजी कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "काय मालकीणबाई, ट्रॅक्टर पाठवू का?"

श्रावणात ओढ्याला पूर आला. पूल गेला! अकरा दिवस बाजार बंद! तिसऱ्या दिवशी रखमाजी जेवायला बसले. ताटात काय? मूठभर कापूस!

"अगं, हे काय?"

"तुमच्या सहा एकरांतलं, गेल्या सालचं! वर मीठ घालू?"

कावेरी पदराआड हसली — किती दिवसांनी हसली हो पोर!

मग बाईंनी गरम भाकरी वाढली, अंबाडीची भाजी वाढली, वर लसणाची फोडणी! रखमाजी जेवू लागले. एक घास, दुसरा घास... आणि हात थांबला. हळूच म्हणाले, "कावेरीला पुरेल ना? मला कमी वाढ."

मंडळी, माणूस श्रीमंत झाला तो इथं!

पुढं नर्सबाई आल्या, बोट टोचलं, म्हणाल्या, "रक्त वाढलंय की!" मार्गशीर्षात मुलगी झाली — गुटगुटीत, अन् आवाज असा, की वेशीपर्यंत! आणि पुढच्या पेरणीला रखमाजींनी, कुणी न मागता, कापसाच्या चार ओळी भाजीला सोडल्या.

आता तुमचं बोला! देवाला नैवेद्य दाखवता, त्यातली एक तरी भाजी घरची असते? ...सरपंच, छताकडं काय बघता? तिथं दोडका नाही लागलेला!

आज कीर्तन संपल्यावर कपाळाला बुक्का लावून घेताना हात पुढं करा. प्रत्येकाला घेवड्याच्या चार बिया मिळतील. दसऱ्याला मी याच वाटेनं जाणार आहे. पाया पडू नका — शेंगा दाखवा!