बाबा केवढे?

चारबाग स्टेशनवर, प्लॅटफॉर्म तिकिटाच्या रांगेत, माझ्या पुढ्यात एकदम मराठी ऐकू आलं. एक आई आणि तिची अडीच-तीन वर्षांची लेक.

"स्वरदा, त्या काकांची बॅग कशी आहे?"

"बडी!"

"मराठीत सांग. बाबांना ऐकवायचंय ना?"

"मोठी."

"आणि तुझी बाटली?"

"छोटी."

"शाब्बास! आणि बाबा?"

"छोटे."

"अगं, बाबा छोटे कसे?"

"मोबाइलमध्ये मावतात ना."

"...ते लेहला गेले तेव्हा तुला बोलताही येत नव्हतं गं."

"आई, इथे कित्ती भीड आहे! बाबा हरवतील."

"नाही हरवणार, राणी."

"मी त्यांना कडेवर घेते."

"घे हं. आणि दमलीस की माझ्याकडे दे."