मेहुण्याचं मुंगूस

...नाही हो, साप चावला असता तर दवाखान्यात नेला असता, पण माझ्या मेहुण्याला मुंगसानं पछाडलंय, त्याला कुठल्या डॉक्टरकडं नेऊ?

तुम्हाला सांगतो, हा ज्योतीराम, बायकोचा धाकटा भाऊ, पिंपरीला माझ्याच कंपनीत, चांगला सरळ माणूस होता राव! एक दिवस भंगाराच्या ढिगातून मुंगूस पळालं, तिथं मशीनं बसवायला आलेला विलायती साहेब उभा, तो म्हणाला 'मंगूज'. हा म्हणतो, नाही साहेब, मुंगूस. साहेब हसला, म्हणाला तेच ते, तुमच्या मराठीतूनच आमच्याकडं आलंय... झालं! तेव्हापासून ह्याला अख्ख्या इंग्रजीचं आजोळ महाराष्ट्रात दिसायला लागलं. कॉट म्हणजे खाट, शाम्पू म्हणजे चंपी, इथवर मीही मान डोलावली, म्हटलं असेल बाबा. पण मशीन म्हणजे म्हैस? तर म्हणे, "दाजी, काळी असते, तेलकट असते, खुराक चुकला की अडून बसते. म्हैस, म्हशी, म्हशीन, मशीन!"

एका मुंगसापायी!

बरं, कंपनीत बोल, कँटीनमध्ये बोल... पण आमच्या लेकीला, इंद्रायणीला, बघायला तळेगावचे पाहुणे आले तेव्हा? आधीची दोन स्थळं मोडलेली, घरात सगळ्यांचा जीव टांगणीला, मुलगा फिटर, निर्व्यसनी, त्याचे वडील दत्तोबा मिशीवाले, एक शब्द बोलायला तयार नाहीत. त्याच्या आईनं, सोजराबाईंनी, हळूच विचारलं, मुलगी किती शिकलीय. मी 'मॅट्रिक' म्हणायच्या आत ज्योतीराम पुढं सरकला... आणि मुंगसापासून निघाला तो थेट म्हशीपर्यंत!

आणि इंद्रायणी हसली. खाली मान घालून बसलेली पोरगी, तोंडाला पदर लावून लावून शेवटी खो खो हसली. सोजराबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. दत्तोबा उठले, म्हणाले, आमच्या बसची वेळ झाली.

संपलं, म्हटलं. एका मुंगसापायी पोरीचं लग्न गेलं!

मी हात जोडून दारात आडवा उभा. दत्तोबा माझ्याकडं बघेनात, ज्योतीरामकडंच बघतायत. मग सावकाश म्हणाले, "मशीनचं मला पटत नाही. पण बस आपलीच. बसायचं असतं, म्हणून बस."

आणि बसले की राव परत खुर्चीत!

दोन तास उठले नाहीत. पोहे दोनदा झाले, शेवटी मुलानंच विषय काढला, म्हणाला, "अण्णा, मला मुलगी पसंत आहे. आपल्या घरात असं हसणारं कुणीतरी पाहिजे." पोरीनं मान वर करून पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं.

लग्न झालं, पोरगी सुखात आहे, सगळं छान. फक्त आता सुट्टीच्या दिवशी व्याही सकाळीच येतात, मेहुणा आधीच येऊन बसलेला असतो, बायको विचारते चहा टाकू का, आणि दोघं 'कप' ह्या शब्दापासून सुरू होतात...

मी? मी सुट्टीलाही ओव्हरटाइम मागून घेतलाय. मशीनं फक्त खडखडतात हो, शब्द सांगत नाहीत.