कोसमघाटच्या गोऱ्ह्याची खांदशेक

पोलीस चौकी कोसमघाट, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा. ऑगस्ट १९५७.

नाव गुणवंतराव वल्द रामाजी भोयर, वय ४४ वर्षे, धंदा शेती व सार्वजनिक काम, राहणार सावली.

चौकीत समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की, कोसमघाटच्या डोंगरावरील जुन्या दगडी देवळाच्या दुरुस्तीसाठी जी समिती आहे तिचा मी चिटणीस आहे. मी पूजाअर्चा करत नाही. ज्या मजुरांनी हे देऊळ उभे केले त्यांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. निदान त्यांचे काम तरी आपल्या डोळ्यांदेखत पडू नये, असे माझे मत आहे. ते मी गावोगावच्या सभांतून मांडले आहे व पुढेही मांडीन.

देवळाकडे जाण्यास दोन मोठ्या खडकांमधील फट एवढीच वाट आहे. तिच्यातून बैलगाडी जात नाही. मोठी क्रेन वर नेणे अशक्य, म्हणून देवळाचा पुढचा भाग सुरुंगाने उतरवून टाकावा असे इंजिनियर साहेबांचे म्हणणे पडले. मी त्यास जाहीर विरोध केला. नंतर समितीने नागपूरहून हाताने फिरवायची लहान क्रेन भाड्याने आणली. ती मूल स्टेशनापर्यंत रेल्वेने, डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाड्यांवर आणि तिथून सुटी करून माणसांच्या खांद्यावर वर आली. एक उभा लोखंडी खांब, त्याच्या माथ्याला आडवा हात, खांबाच्या पोटाशी तारेचा दोर गुंडाळायचे चाक व हँडल, आणि चाक थांबवण्यासाठी ब्रेकचा पट्टा, असे तिचे स्वरूप आहे. ब्रेकची दांडी खाली दाबली की पट्टा चाकावर आवळला जातो.

ब्रेकवर डोमा वल्द चैतू मडावी हा असे. तो याच गावचा गोंड शेतकरी असून सध्या या चौकीत अटकेत आहे. क्रेन अंगाने लहान आणि ओझे निमूटपणे उचलते, म्हणून गावातले लोक तिला गोऱ्हा म्हणू लागले. मीही एका सभेत म्हणालो होतो की, यंत्राला शत्रू समजू नका, त्याला घरच्या बैलासारखे सांभाळा. टाळ्या पडल्या होत्या. त्या वाक्याचा या प्रकरणाशी संबंध आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कामावरचे ओव्हरसियर साहेब व डोमा यांच्यात बोलाचाली झाली. पाऊस उघडला आहे, तेव्हा पोळ्याच्या दिवशीही काम चालू ठेवावे, असे साहेबांचे म्हणणे होते. डोमाने नकार दिला. साहेब म्हणाले, लोखंडाला कसला पोळा, उद्या त्याच्या शिंगांना बेगडही लावशील. त्यावर डोमा म्हणाला, "शिंगं नाईत म्हणून नाई लावलं, साहेब. मानेवर ओझं घेते, त्याले एक रोज सुट्टी पायजे." मजूर हसले. साहेब हसले नाहीत. डोमाने सूड म्हणून ब्रेकची दांडी सोडली असे त्यांनी फिर्यादीत म्हटले आहे, त्याला एवढाच आधार आहे.

त्याच संध्याकाळी गावात बैलांची खांदशेक झाली. नांगर ओढून दुखावलेल्या खांद्यांना कोमट लोणी व हळद पळसाच्या पानाने चोळतात आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. ते आटोपल्यावर बरीच मंडळी डोंगरावर आली. मी देवळाच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांनी क्रेनचा खांब पाण्याने धुतला. जिथे खांबाला आडवा हात जोडला आहे त्या जागेला लोणी लावले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असे क्रेनला म्हणण्यात आले. त्यानंतर मला मान म्हणून बोलावण्यात आले. लोण्याची वाटी माझ्यापुढे धरण्यात आली. मी असल्या प्रकारांविरुद्ध वीस वर्षे बोलत आलो आहे. तरी मी पान उचलले व लोणी लावले. का लावले, ते मला सांगता येत नाही. कोणी आग्रह केला नव्हता.

ब्रेकच्या चाकाला कोणी हात लावला नाही. हे मी ठामपणे सांगतो. लोणी लावले ते वर, खांद्याला.

पोळ्याच्या दिवशी काम बंद होते व ऊन कडक पडले होते. लावलेले लोणी बैलांच्या अंगावरून पुसायचे नसते, म्हणून क्रेनचेही कोणी पुसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी एक लहान दगड उचलवून पाहिला. तो थांबला. नंतर गाभाऱ्याच्या दारावरची मोठी शिळा दोर बांधून उचलली. हँडलवर दोघे, ब्रेकवर डोमा, आणि दाराशी पहार घेऊन शिळेला दिशा देण्यास सिरोंच्याकडचा पाथरवट पोचू, अशी माणसे होती. मी चार हातांवर उभा होतो. शिळा दाराच्या वर गेली तेव्हा साहेबांनी थांबा म्हटले. हँडल सोडले गेले. डोमाने दांडी दाबली. शिळा थांबली नाही. ती आधी हळू, मग एकदम खाली आली. पोचूच्या डाव्या पावलावर तिची कड बसली व शिळेचे दोन तुकडे झाले. पोचू ओरडला की मी ओरडलो, याबद्दल माझी खात्री नाही. साक्षीदार म्हणतात की मी ओरडलो.

डोमाचा हात तेव्हा कुठे होता, असे विचारल्यावरून सांगतो की, त्याचे दोन्ही हात दांडीवर होते व दांडी तळाला टेकलेली होती. शिळा जमिनीवर पडल्यानंतरही त्याने ती सोडली नव्हती. मी जाऊन त्याची बोटे एकेक करून सोडवली.

साहेब व इतर माणसे पोचूला उचलून खाली घेऊन गेली. मी ब्रेकच्या पट्ट्याला हात लावून पाहिला. हात पिवळा झाला. तो कशाने, हे मला तेव्हा समजले नाही. नंतर वास घेतला. वर पाहिले तर खांबावरून लोण्याचा ओघळ पट्ट्यापर्यंत आलेला होता. दुपारी मोठा पाऊस झाला. चौकीचे लोक पंचनाम्यास वर आले तेव्हा पट्टा धुऊन निघाला होता व त्यावर काही नव्हते, ही गोष्ट खरी आहे. माझ्या हाताशिवाय याला दुसरा पुरावा नाही, आणि हात मी धुतले आहेत.

डोमाने स्वतःच, मी मुद्दाम दांडी सोडली, असे कबूल केल्याचे मला सांगण्यात आले. तो कबुलीजबाब खोटा आहे. जन्मभर मी लोकांना खरे बोला असे सांगत फिरलो. ज्याने काही केले नाही तो माणूस मी केले म्हणून का बसतो, हे मला कोणत्याही पुस्तकात वाचलेले आठवत नाही. मी त्याला कोठडीच्या गजांबाहेरून तसे विचारले. तो माझ्याशी जे बोलला ते घरगुती होते, म्हणून मी येथे सांगत नव्हतो. परंतु पहाऱ्यावरच्या शिपायाने ते ऐकले व फौजदार साहेबांना सांगितले, म्हणून मलाही सांगणे भाग आहे. डोमा म्हणाला, "भाऊ, मी सोडलं असंच राहू द्या. लोन्याचं नोका काढू. मायच्या हाताले गाव नाव ठेवन."

डोमाची आई सोमारी हिच्याबद्दल विचारल्यावरून सांगतो की, ती विधवा असून वय साठीच्या पुढे आहे. या गावात कोणाच्याही घरची खांदशेक असली की पहिला हात तिचा लागतो. तिचा हात लागलेला बैल वर्षभर खांद्याने दुखत नाही, असे लोक मानतात. हा समज निराधार आहे असे मी याच गावच्या चावडीपुढे बोललो आहे. सोमारीबाई त्या सभेला पुढे बसली होती. सभा संपल्यावर तिने मला, बोलून घसा बसला असेल म्हणून, गूळपाणी दिले होते.

सोमारीच्या हातावरचा विश्वास उडाला तर काय होईल, असे विचारल्यावरून सांगतो की, तिला कोणी बैलापाशी येऊ देणार नाही. दुसरे काही होणार नाही. दुसरे काही तिच्याजवळ नाही.

या अपघातामुळे समितीची भाड्याची क्रेन यापुढे राहणार नाही व देवळाचे दार शिळेविना उघडे पडेल, हे मला माहीत आहे. त्यासाठी मी हा जबाब देत नाही. डोमाने दांडी सोडली नाही, त्याच्या मनात सूड नव्हता, व क्रेनला लोणी लावले गेले त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, एवढे लिहून घ्यावे अशी विनंती आहे. हेतू नसेल तर गुन्हा कोणता, हे मला समजत नाही. फौजदार साहेबांनाही मी विचारले. त्यांनी आधी मी विचारतो त्याचे उत्तर द्या, असे म्हटले.

खांदशेकीच्या संध्याकाळी क्रेनला पहिला हात कोणी लावला, सोमारीने लावला काय, असा स्पष्ट प्रश्न विचारल्यावरून सांगतो की, तिथे बायका, माणसे मिळून बरीच गर्दी होती व उजेड कमी झाला होता. लोणी लावताना मी माझा हात पाहिला. इतर कोणाचा हात मी पाहिला नाही.

जमादारांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. शेवटचे वाक्य त्यांनी थांबून पुन्हा एकदा वाचले व माझ्याकडे पाहिले. ते वाक्यही मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
गुणवंतराव रामाजी भोयर