आईचं पोट बोलेना

...आणि बरं का, हे सगळं त्या डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती, पण नाही, त्यांनी सांगितलं ते बायकोच्या पलंगाशी उभं राहून, दोन्ही मुलांच्या देखत, आणि सांगून झाल्यावर त्या पुढच्या पलंगाकडे निघूनही गेल्या. काय सांगितलं? तर म्हणाल्या, "ऑपरेशन उत्तम झालंय. आता यांचं पोट गुरगुरायला लागलं की थोडं थोडं खायला सुरू करू." झालं. त्यांचं काम संपलं, माझं सुरू झालं. कारण आम्ही व्हरांड्यात पोचतो न पोचतो तोच धाकटीने माझा शर्ट ओढला, "बाबा, पोट का गुरगुरतं?"

आता तुम्हाला सांगतो, मी पडदे शिवणारा माणूस. मला खिडकी दाखवा, उभ्या उभ्या सांगतो कापड किती लागेल, चुण्या किती पडतील, ऊन कुठून येईल. पोटातलं मला काय कळतंय?

आणि मनाची अवस्था तरी कुठे धड होती हो. आमची ही त्या दिवशी सकाळी मुलांच्या गणवेशांना इस्त्री करत होती, मध्येच पोट धरून खाली बसली, आणि मला वाटलं उसण भरली असेल, तर ती म्हणते, "इस्त्री बंद कर आणि मला दवाखान्यात ने." माझी बायको कशालाही दवाखान्यात ने म्हणणारी नव्हे. ती इस्त्रीवर बोट भाजलं तरी नळाखाली धरून कामाला लागते. आतड्याला पीळ पडला होता. डॉक्टर ऑपरेशन करून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वेळेवर आणलंत," तर मी "हो हो" म्हणत मान हलवत राहिलो, इतका वेळ हलवत राहिलो की शेवटी त्यांनीच मला खुर्चीत बसवलं.

तर पोट का गुरगुरतं. मी म्हटलं, "भूक लागली की पोट हाक मारतं." संपला विषय, नाही का? तुमच्या घरी संपत असेल. आमच्याकडे थोरला आहे. तो दहा वर्षांचा आहे, पण बोलतो असा की कोर्टात पंचवीस वर्षं काढलीत. "मग जेवल्यावर पण कधीकधी गुरगुरतं ते का?" म्हटलं, "तेव्हा ते... आभार मानतं." तो माझ्याकडे बघत राहिला. बोलला असता तर परवडलं असतं.

मग दुसऱ्या दिवशी मी, दुकानात येणारी काही न कळणारी गिऱ्हाइकं करतात तशा, इकडेतिकडे चौकशा केल्या, एका नर्सबाईंना विचारलं, आणि मला जे कळलं ते मी घरी न्हाणीघरात प्रत्यक्ष करून दाखवायचं ठरवलं. शेकायची रबरी पिशवी असते ना आपल्या सगळ्यांकडे, ती घेतली. काठोकाठ पाणी भरलं, बूच लावलं, दाबली. आवाज नाही. म्हटलं, "हे भरलेलं पोट." मग अर्धं पाणी ओतून दिलं, आत हवा राहिली, दाबली, तर गुडगुड, गुडगुड. "हे रिकामं पोट. आतडं आपलं दिवसभर आकसतं, सैल होतं, आतलं सगळं पुढे ढकलतं. भरलेलं असलं तरी आवाज होतो, पण दबून जातो. रिकामं असलं की हवा आणि पाणी खुळखुळतं, आणि शेजारच्यालाही ऐकू जातं." काय सुंदर समजावलं, स्वतःवरच खूश झालो मी. धाकटी म्हणाली, "मी दाबते." तिने दाबली ती दोन्ही गुडघे देऊन, बूच उडालं, आणि नुकते वाळलेले दोन्ही गणवेश, मी आणि आरसा, सगळे चिंब.

पण मुलांना कळलं. हेच चुकलं. कारण कळल्यावर मुलं विचार करतात. शाळा सुटल्यावर दवाखान्यात जाताना थोरला म्हणतो, "बाबा, आईला काल खायला दिलं नाही, परवा दिलं नाही. म्हणजे तिचं पोट रिकामं आहे. म्हणजे ते सगळ्यात जास्त गुरगुरायला पाहिजे." मी म्हटलं, "हो." तो म्हणतो, "मग का नाही गुरगुरत?"

मी पडदे शिवणारा माणूस आहे हो. पोटातलं मला काय कळतंय?

शेवटी डॉक्टरीणबाईंनाच गाठलं. त्यांना पिशवीची सगळी हकिकत सांगितली, तर त्या मोठ्या माणसाला सांगावं तसं धाकटीला म्हणाल्या, "पिशवी आहे, आत पाणी आहे, हवाही आहे. पण ती दाबणारा हात झोपलाय. ऑपरेशन झालं की तो थोडे दिवस झोपतो." बाई हुशार. मी मनात म्हटलं, सुटलो. आणि जिन्यात धाकटीने अगदी हळू विचारलं, "आणि तो उठलाच नाही तर?"

मला स्वतःला तीच भीती होती. मी दिवसभर मापं चुकत होतो, एका माणसाच्या दिवाणखान्याचे पडदे गुडघ्यापर्यंतच शिवून ठेवले. मी तिला म्हटलं, "उठेल." नुसतं एवढंच. तिने माझा हात धरला, आणि खरं सांगू, धीर कोण कुणाला देत होतं ते मला नीट सांगता येणार नाही.

मग थोरल्याने डोकं चालवलं. त्याचं म्हणणं, खाण्याचं नाव काढलं तरी पोट गुरगुरतं, म्हणजे झोपलेल्या हाताला खाण्याची नावं सांगून उठवता येईल. दोघं पलंगाशी उभी राहिली आणि सुरू झाली. "गरम गरम पाव... त्यावर लोणी... लोणी वितळतंय आई... कडेने कुरकुरीत ऑम्लेट... तळलेले बटाटे, वर मीठ..." आमची ही डोळे मिटून, पोटावर हात धरून, "अरे हसवू नका रे, टाके दुखतात." तिचं पोट ढिम्म. पण शेजारच्या पलंगावरच्या आजी, त्यांचं ऑपरेशन संध्याकाळी, सकाळपासून पाण्याचा थेंब दिलेला नाही, त्यांचं पोट असं कडाडलं की पडद्यापलीकडून कण्हत म्हणाल्या, "बाळांनो, लोण्यापर्यंत ठीक होतं. बटाटे नका रे आणू."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. नळी कानाला लावली, हिच्या पोटावर ठेवली, बोट ओठावर धरून सगळ्यांना गप्प केलं. सगळं शांत. मी श्वास धरून उभा. आणि गुर्रर्र... असा लांबलचक आवाज आला. बाईंनी वर बघितलं. म्हणाल्या, "नळीत तर काही ऐकू आलं नाही." आमची ही म्हणाली, "डॉक्टर, ते माझं नव्हतं." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्ही सकाळी काय खाल्लंत?"

"मुलांचे डबे."

"मुलांचे डबे तुम्ही खाल्लेत?"

"नाही, भरले."

ऑपरेशन झालेली बाई, नाकात नळी, हाताला सलाईन, पण मला म्हणते, "आत्ताच्या आत्ता खाली जाऊन काहीतरी खा. तुझ्यासाठी मी दुसरा पलंग मागणार नाहीये." गेलो गुपचूप. कँटीनमध्ये पाव घेतला, उकडलेलं अंडं घेतलं, पहिला घास तोंडात, तोच थोरला धावत आला, तोंड लाल, दम लागलेला. "बाबा, लवकर चला, आईचं पोट..." पुढचे शब्द मी ऐकलेच नाहीत. पाव हातात तसाच, तीन मजले, लिफ्ट समोर उभी होती ती दिसलीच नाही मला.

आत जाऊन बघतो तर धाकटी पलंगाजवळ स्टुलावर बसलीय, डॉक्टरीणबाईंची नळी तिच्या कानात, आणि घळाघळा रडतेय. तुम्हाला सांगतो, मी पावासकट दारातच थांबलो. आणि ती मला म्हणते, "बाबा, हात उठला. पोट बोलतंय."

बाईंनी मलाही ऐकवलं. काय होतं? तर टिचुक, मग एक बारीकसं गुडगुड, मग थोडा वेळ काही नाही, मग परत. आमच्या न्हाणीघरातल्या पिशवीच्या पासंगालाही पुरणार नाही असा आवाज. पण मी ती नळी काढेना, शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, द्या, मला बाकीचेही पेशंट आहेत." पलीकडून आजी विचारत होत्या, "बोललं का? बोललं का पोट?" मी "बोललं आजी" म्हणालो, आणि तेव्हा लक्षात आलं की माझ्या हातातला पाव पिळून पिळून पार लगदा झालाय.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं. पण बाई म्हणाल्या, "छान. आता एकच राहिलं. वारा सरला का?" आमची ही छताकडे बघायला लागली. आणि धाकटी मोठ्याने, "बाबा, वारा सरला म्हणजे काय?"

मी पडदे शिवणारा... पण मला तोंड उघडायचीही वेळ आली नाही. थोरला म्हणाला, "अगं, पिशवीचं बूच उडालं होतं ना? तसं."

ही हळूच म्हणाली, "सरला. सकाळीच." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग सांगितलं का नाहीत? आम्ही सगळे त्याचीच वाट बघतोय." ही म्हणाली, "या दोघांच्या देखत सांगायचं होतं का मी?"

नाकातली नळी निघाली, तासाभराने पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी पातळ सूप. तिने पहिला चमचा घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मी बाहेर जाऊन व्हरांड्याच्या खिडकीशी उभा राहिलो, तिथल्या पडद्याला डोळे पुसले. शिवण फार वाईट होती त्याची, पण त्या दिवशी मी काही बोललो नाही.

आता ती घरी आहे, बरी आहे, बसल्या जागेवरून आम्हाला कामं सांगते. मी म्हटलं, चला, निभावलं, आता कुणाला काही समजावून सांगायला नको. तर आज सकाळी खालच्या मजल्यावरचे रिटायर झालेले मुख्याध्यापक जिन्यात भेटले. फार सभ्य गृहस्थ, कधी 'नमस्कार'च्या पुढे बोलणं नाही. थांबले, माझा हात दोन्ही हातांत घेतला, आणि म्हणाले, "मुलं सांगत होती. वहिनींचा वारा सरला म्हणे. आम्हा सगळ्यांना फार बरं वाटलं हो."

मी म्हटलं, "तुमचेच आशीर्वाद."